कमी खाण्याचा परिणाम गोळीतून मिळेल का? मेटफॉर्मिन, रॅपामायसिन आणि एनएमएनविषयी सविस्तर उत्तर

नमस्कार. तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. तुमचे वय ४७, उंची १६७ सेंटीमीटर, वजन ६८ किलो आणि कंबर ९४ सेंटीमीटर आहे. वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला, काम दिवसभर बसून आहे, आहार शाकाहारी आहे. उपाशीपोटीची साखर १०६ आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ५.९ आली आहे, तरी ‘आजार असा काही नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. कमी खाल्ल्याने वार्धक्य लांबते असे वाचून तुम्ही सोळा तासांचा उपवास करून पाहिला. पण सकाळी अकराच्या सुमारास डोके दुखायचे, चिडचिड व्हायची आणि रात्री जास्तच जेवण व्हायचे, म्हणून दोन महिन्यांत तो सोडला. आता तुमचे म्हणणे असे, की कमी खाण्याचा परिणाम शरीरात घडवून आणणारी संयुगे असतील, तर मधुमेहाचे औषध मेटफॉर्मिन ५०० सुरू करावे का, चुलतभाऊ न्यू जर्सीहून आणणार आहे ते एनएमएन नावाचे सप्लिमेंट घ्यावे का, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या रॅपामायसिनबद्दल काय मत आहे.

मी फिजिशियन आहे. गेली सव्वीस वर्षे प्रॅक्टिस करतो आणि माझ्या ओपीडीतले निम्म्याहून अधिक रुग्ण मधुमेहाचे असतात, त्यामुळे मेटफॉर्मिनची चिठ्ठी मी जवळपास रोज लिहितो. तरीही निरोगी माणसाचे वय वाढण्याचा वेग मंदावतो असे माणसांवरच्या चाचणीत सिद्ध झालेले एकही संयुग आज माझ्यापाशी नाही. मात्र तुम्ही निरोगी माणसाचा प्रश्न विचारला असला, तरी तुमचे रिपोर्ट त्या माणसाचे नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठीचे उत्तर नुसते ‘नाही’ एवढे राहत नाही, आणि तिथपर्यंत यायला थोडे मागून सुरू करावे लागेल.

अनुकरण कशाचे करायचे, हे प्रथम पाहू. १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना जीवनसत्त्वे आणि क्षार पुरेसे, पण उष्मांक कमी अशा आहारावर ठेवले, आणि ते पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा बरेच जास्त जगले. पुढे यीस्ट, कृमी, माश्या अशा अनेक जीवांत हाच प्रकार दिसला. त्यामागची यंत्रणाही आता बऱ्यापैकी समजली आहे. अन्न मुबलक असले की पेशीतले एमटॉर नावाचे प्रथिन ‘वाढा, बांधा’ असा हुकूम देते. अन्न कमी पडले की तो हुकूम थांबतो, एएमपीके नावाचे दुसरे प्रथिन काटकसर सुरू करते, आणि पेशी आपल्यातले जुने, खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरायला काढते. या मोडतोडीला ऑटोफॅजी म्हणतात आणि तिच्यावरील कामासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. साहजिकच संशोधकांच्या मनात आले की जेवण तेवढेच ठेवून एखाद्या औषधाने हीच बटणे दाबली तर?

मात्र कमी खाण्याचा फायदा सर्वांना सारखा मिळतो, हे गृहीतकच तितकेसे पक्के नाही. ऱ्हीसस माकडांवर अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगात कमी खाणारी माकडे जास्त जगली, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या प्रयोगात आयुष्यात फरक पडला नाही, असे २०१२ मध्ये आले. दोन्ही गटांनी नंतर एकत्र बसून आकडे ताडून पाहिले, तेव्हा एक मोठा फरक अन्नातच सापडला. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाद्यात साखरेचे प्रमाण सुमारे २८ टक्के होते आणि तुलनेच्या गटाला ते हवे तेवढे मिळत होते. दुसरीकडे साखर ४ टक्क्यांच्या आसपास होती आणि तुलनेच्या गटालाही मोजूनच दिले जात होते. म्हणजे गोड, तयार अन्न भरपूर खाणाऱ्याने ते कमी केले तर फायदा ठळक दिसतो. मुळात बेताचे आणि साधे खाणाऱ्याने आणखी कमी केले तर फारसा दिसत नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत उपयोगी धडा आहे, कारण ‘किती कमी करू’ या प्रश्नाआधी ‘आज नेमके काय खातो आहे’ हे विचारणे त्यामुळे भाग पडते.

माणसांवरचा सर्वांत नीट प्रयोग कॅलरी या नावाने ओळखला जातो. लठ्ठ नसलेल्या २१८ निरोगी प्रौढांनी त्यात भाग घेतला. त्यांच्यापैकी एका गटाने दोन वर्षे २५ टक्के उष्मांक कमी करायचे होते. आहारतज्ज्ञ, समुपदेशक, मोफत तपासण्या असा सगळा आधार असूनही त्यांना सरासरी १२ टक्केच कमी करता आले. तेवढ्यानेही रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. रक्तातील डीएनएवरच्या खुणांवरून वय वाढण्याचा वेग मोजणाऱ्या एका पद्धतीत तो २ ते ३ टक्क्यांनी मंदावलेला दिसला, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्य त्यामुळे वाढेल की नाही, हे दोन वर्षांच्या प्रयोगातून कळूच शकत नाही. याच लोकांची हाडांची घनता आणि स्नायूंचे वजनही काही प्रमाणात घटले. तुमच्या शरीराला रोज साधारण २२०० उष्मांक लागत असतील असे धरले, तर १२ टक्के म्हणजे सुमारे २६० होतात. संध्याकाळच्या चहाबरोबर हातात येणारी पन्नास ग्रॅम शेव तेवढीच असते. तेव्हा सोळा तासांचा उपवास जमला नाही म्हणजे हा मार्ग बंद झाला, असे समजण्याचे कारण नाही.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगाकडे मी रुग्णांचे लक्ष मुद्दाम वेधतो. जनुकीय दृष्ट्या एकमेकींपासून वेगळ्या अशा ९६० माद्या उंदरांना निरनिराळ्या प्रमाणात कमी खायला दिले गेले. ४० टक्के कपात केलेल्या सरासरी सर्वांत जास्त जगल्या, परंतु त्या गटात ज्यांचे वजन सर्वांत कमी घटले त्याच सर्वांत जास्त जगल्या, आणि एकूण आयुष्यावर आहारापेक्षा जनुकांचा प्रभाव मोठा होता. कमी खाणे आणि खंगत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा अर्थ मी घेतो. असे वेगळेपण असेल, तर कोणतेही संयुग नेमक्या कोणत्या परिणामाचे अनुकरण करते हे तपासल्याशिवाय ते ‘कमी खाण्यासारखे’ आहे असे म्हणता येत नाही.

याचा पहिला अनुभव अगदी सुरुवातीलाच आला. १९९८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी ही कल्पना प्रथम औषधाच्या रूपात मांडली, तेव्हा त्यांनी टू-डीऑक्सीग्लुकोज हे संयुग निवडले होते. ते साखरेसारखे दिसते, पण पेशीला जाळता येत नाही, त्यामुळे पेशीची समजूत अन्न कमी आहे अशी होते. उंदरांत इन्सुलिन कमी झाले, शरीराचे तापमान उतरले, सगळे अपेक्षेप्रमाणे घडले. पण दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूंना इजा झाली आणि मृत्यू वाढले. रक्तातले आकडे कमी खाणाऱ्यासारखे झाले म्हणजे शरीरही तसे झाले असे नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते, आणि आजही एखादे कॅप्सूल ‘ऑटोफॅजी वाढवते’ असे वाचले की मला ते उंदीर आठवतात.

आता रॅपामायसिन. प्राण्यांवरचा सर्वांत भक्कम पुरावा याच औषधाचा आहे, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. १९६४ मध्ये कॅनडाच्या एका पथकाने पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, आणि त्यातल्या जिवाणूपासून मिळालेल्या द्रव्याला म्हणून रॅपामायसिन हे नाव पडले. ते वेगळे काढणारे शास्त्रज्ञ डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल हे मूळचे पंजाबचे. १९८० च्या दशकात माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या, नाहीतर हे औषध तिथेच संपले असते. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे २००९ मध्ये तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकाच वेळी केलेल्या चाचणीत ते ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या साठीच्या आसपासच्या वयाच्या उंदरांना दिले गेले, आणि आयुष्याची कमाल मर्यादा माद्यांमध्ये १४ टक्के, नरांमध्ये ९ टक्के वाढली. उतारवयात सुरू करूनही हे घडले, म्हणून ती बातमी मोठी होती आणि आजही आहे.

तरीसुद्धा मी ते तुम्हाला देणार नाही. कमी खाणाऱ्या उंदरांची साखर सुधारते, तर रॅपामायसिन सतत घेणाऱ्यांची ती अनेकदा बिघडते. एमटॉरचे बटण दोन्हीकडे दाबले जाते, पण बाकीचे चित्र जुळत नाही. प्रत्यारोपणानंतर हे औषध घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तोंडात येणाऱ्या वेदनादायक चट्ट्यांमुळे त्यांना आमटी-भातही नकोसा होतो, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, जखमा उशिरा भरतात. वार्धक्यासाठी आठवड्यातून एकदा कमी मात्रेत घेतल्यास हे त्रास बरेच कमी होतात असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि ते खरेही असेल. त्याच वर्गातील औषधाने ज्येष्ठांचा फ्लूच्या लशीला प्रतिसाद सुमारे २० टक्के सुधारल्याचे २०१४ मध्ये दिसले होते. पण त्याच वाटेने पुढे केलेली श्वसनविकारांवरची मोठी चाचणी २०१९ मध्ये अपयशी ठरली. शिवाय आपल्याकडे अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त पडून असतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध त्यांना जागे करू शकते. ज्याची साखर आधीच सीमेवर आहे, अशा ४७ वर्षांच्या माणसाने हा धोका पत्करावा असे मला मुळीच वाटत नाही.

एनएमएनविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याआधी रेस्व्हेरॅट्रॉल नावाच्या, द्राक्षाच्या सालीतील द्रव्याची अशीच लाट आली होती. ते सर्ट्युइन नावाची प्रथिने जागी करते असा दावा होता. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर देऊन त्यावर काम करणारी कंपनी विकत घेतली आणि २०१३ मध्ये ती बंद केली. वर सांगितलेल्या तीन प्रयोगशाळांच्या चाचणीत रेस्व्हेरॅट्रॉलने साध्या आहारावरील उंदरांचे आयुष्य वाढवले नाही. एनएमएन आणि त्याचे भावंड एनआर यांनी रक्तातील एनएडी हे द्रव्य वाढते, एवढे खरे आहे. परंतु एनआरनेही त्या चाचणीत आयुष्य वाढवले नाही, आणि माणसांत एनएडी वाढल्यामुळे माणूस जास्त काळ धडधाकट राहतो असे दिसलेले नाही. चुलतभावाला ते आणू नकोस असे सांगावे, असा माझा सल्ला आहे. ते विष आहे असे मी म्हणत नाही. दरमहा त्यावर जाणारे पैसे तुमच्या घरात दूध, पनीर, डाळी आणि एका चांगल्या व्यायामशिक्षकावर खर्च झाले तर त्याचा उपयोग निश्चित होईल.

मेटफॉर्मिनकडे वळतो, कारण तुमचा खरा प्रश्न इथे आहे. गलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतल्या द्रव्याशी नाते सांगणारे हे औषध फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहासाठी वापरात आणले. ते स्वस्त आहे आणि दीर्घकाळच्या वापराने त्याची ओळख पटलेली आहे. दीर्घायुष्याशी त्याचे नाव जोडले गेले ते मुख्यतः २०१४ च्या एका ब्रिटिश पाहणीमुळे. तीत मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही थोडे जास्त जगताना दिसले. परंतु अशा पाहणीत एक खोट राहते. ज्यांचा आजार वाढतो त्यांना दुसरी औषधे सुरू होतात आणि ते मोजणीतून बाहेर पडतात. मागे राहतात ते मुळात सौम्य आजाराचे. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदी अधिक काटेकोरपणे तपासल्यावर तो फायदा दिसला नाही. तीन प्रयोगशाळांच्या उंदरांतही नुसत्या मेटफॉर्मिनने आयुष्य लक्षणीय वाढले नाही. २०२४ मध्ये चीनमधील नर माकडांत ४० महिन्यांच्या मेटफॉर्मिनने मेंदूसह अनेक अवयवांतील वार्धक्याच्या खुणा मंदावल्याचे आले आहे, आणि ते मला खरोखर लक्षणीय वाटते, पण माकडांची संख्या फार थोडी होती. ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३००० लोकांना सहा वर्षे मेटफॉर्मिन किंवा औषध नसलेली गोळी देऊन पाहण्याची टेम नावाची चाचणी अमेरिकेत आखली गेली आणि निधीअभावी वर्षानुवर्षे रखडली. तिचा निकाल ‘उपयोग होतो’ असा लागला, तर मी माझे मत बदलीन.

असे असताना निरोगी माणसाने ते घ्यायला काय हरकत आहे, असे तुम्ही विचाराल. मला दोन अडचणी दिसतात आणि दोन्ही तुम्हाला लागू आहेत. एक व्यायामाची. ६५ वर्षांवरील लोकांनी १४ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या माणसाला मधुमेह नाही आणि जो व्यायाम करू शकतो, त्याने व्यायामाचे फळ कमी करणारी गोळी का घ्यावी, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

दुसरी अडचण बी-१२ जीवनसत्त्वाची आहे. मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण घटते, आणि आपल्याकडे ते आधीच कमी असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा त्यांतील ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी सापडले, आणि शाकाहारी लोकांत तो धोका कितीतरी जास्त होता. गेल्या वर्षी माझ्याकडे अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आल्या. पूर्ण शाकाहारी, नऊ वर्षे मेटफॉर्मिन चालू, साखर उत्तम. त्यांची तक्रार एवढीच होती की चालताना एका पायातली चप्पल मागे राहते आणि चार पावले पुढे गेल्यावर फरशी गार लागली की मग कळते. डोळे मिटून पाय जुळवून उभे राहायला सांगितले तर त्या डोलू लागल्या. बी-१२ खूपच कमी निघाले. नऊ वर्षांत ते एकदाही तपासले गेले नव्हते. इंजेक्शनांनी तोल बराच सुधारला, पण तळपायाची जाणीव पूर्वीसारखी झाली नाही. त्यांना मधुमेह होता म्हणून मेटफॉर्मिनची गरज तरी होती.

परंतु आता तुमच्या रिपोर्टकडे या. उपाशीपोटी १०६ आणि एचबीए१सी ५.९ याला पूर्वमधुमेह म्हणतात. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त असणे हा धोक्याचा इशारा मानला जातो. तुमची ९४ आहे. उंचीच्या मानाने तुमच्या वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, २४.४ येते, आणि आपल्यासाठी २३ च्या वर वजन जास्त धरले जाते. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि पोटाभोवती, यकृतात चरबी जास्त, ही आपली घडण आहे. म्हणून कमी खाण्याचा जो फायदा तुम्हाला हवा आहे, तो मुख्यतः या चरबीतून आणि साखरेतून येणार आहे, आणि त्यासाठी वार्धक्यशास्त्राची वाट पाहण्याची गरज नाही.

या टप्प्यावर मेटफॉर्मिनला भारतीय पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ लोकांचे चार गट केले आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षांत, नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांत ३९.३, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५, आणि दोन्ही करणाऱ्यांत ३९.५ टक्क्यांना. मात्राही लहान होती, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. म्हणजे गोळी आणि आहार-व्यायाम यांचा परिणाम जवळपास सारखा, आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचे काही हाती लागले नाही. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या चाचणीत मात्र व्यायाम-आहाराने धोका ५८ टक्के आणि मेटफॉर्मिनने ३१ टक्के घटला होता, आणि फार लठ्ठ नसलेल्यांत गोळीचा उपयोग कमीच झाला. या दोन्हींचा अर्थ मी असा लावतो, की ज्याला आहार-व्यायाम जमतो त्याला गोळीची गरज नाही, आणि ज्याला काही केल्या जमत नाही किंवा जमूनही साखर चढत राहते, त्याला गोळी देणे योग्य आहे.

तुम्ही यांपैकी कोणत्या बाजूचे, हे ठरवण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतील. चेन्नईच्या लोकांची निवड ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीवरून झाली होती. तुमची ती झालेली नाही, ती करा. हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघा, कारण लोह किंवा बी-१२ च्या कमतरतेने पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, असेल तर एचबीए१सी खोटेच जास्त येऊ शकते आणि तुमचे ५.९ कदाचित तितके नसेलही. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि चरबीचे रिपोर्ट हेही सोबत असू द्या.

आणि एक तपासणी घरी करा. साध्या लाकडी खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी घालून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पुन्हा बसता येते ते मोजा. हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. निवृत्त झालेले सदुसष्ट वर्षांचे एक शिक्षक आठ महिने दिवसातून एकदाच जेवत होते. वजन नऊ किलो उतरले, साखर सुधारली, आणि दर भेटीत मी त्यांचे कौतुक करत राहिलो. एके दिवशी ते निघताना खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, दोनदा झोका घेऊन उठले तेव्हा माझ्या लक्षात आले. हात घडी घालून उठायला सांगितले तर त्यांना एकदाही उठता आले नाही. त्या नऊ किलोंत चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही गेले होते, आणि ते मला आधीच तपासायला हवे होते. त्यांना दोन वेळचे जेवण पुन्हा सुरू केले. प्रत्येक वेळी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, दही, एका वेळेला पनीर किंवा सोयाबीन, आणि आठवड्यातून तीनदा उठाबशांपासून सुरुवात करून व्यायाम. पाच महिन्यांनी ते सलग आठ वेळा उठून दाखवू शकले. वजन दोन किलो वाढले आणि साखर मात्र तशीच राहिली.

तुमच्याबाबतीत मी आधी सहा महिने असे करीन. उपवासाचे तास मोजणे सोडा. सकाळी डोके दुखणे आणि रात्री जास्त जेवणे हे तुमच्या शरीराला ती पद्धत मानवत नसल्याचे लक्षण आहे. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि सकाळचे नऊनंतर ठेवले, तरी तेरा तासांचे अंतर आपोआप पडते. संध्याकाळचे फरसाण आणि चहातली साखर बंद करा. ताटात पोळी-भात आता आहे त्याच्या दोन-तृतीयांश ठेवा आणि कमी केलेली जागा उसळ, पिठले, ताक, कोशिंबिरीने भरा. तुमच्या वजनाला दिवसाला किमान ५५ ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि पातळ आमटीच्या एका वाटीतून त्यातली चार-पाच ग्रॅमच मिळतात. जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला, आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा, आणि वजनापेक्षा कंबर मोजा. बी-१२ कमी निघाले तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी भरून काढा.

सहा महिन्यांनी कंबर नव्वदच्या आत आली आणि एचबीए१सी उतरले, तर मेटफॉर्मिनचा विचार सोडून द्या. दोन तासांची साखर १४० च्या वर निघाली असेल आणि एवढे करूनही एचबीए१सी ६.२-६.३ कडे सरकत असेल, तर तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन लहान मात्रेत ते सुरू करा, मूत्रपिंडाची तपासणी पाहून आणि दरवर्षी बी-१२ तपासण्याच्या अटीवर. ते मधुमेह टाळण्यासाठी असेल. दोन तासांच्या साखरेचा आणि बी-१२ चा आकडा, तसेच खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता आले ते कळवा, म्हणजे व्यायामाची सुरुवात कुठून करायची हे मला नेमके सांगता येईल.